दिसत नसले तरी करमणूक हवीच: दृष्टिहीन व्यक्तींसाठी विरंगुळा, छंद आणि खेळ

घरातल्या कुणाची नजर गेली की घरचे लोक औषधाचे थेंब, काठी, जेवणखाण, संडास-बाथरूमची सोय या सगळ्याची काळजी घेतात. पण दिवसाचे उरलेले दहा-बारा तास ती व्यक्ती काय करते, हे सहसा कोणी विचारत नाही. ओसरीवर खाट टाकलेली असते, शेजारी पाण्याचा तांब्या असतो आणि दिवस तसाच मावळतो.

जांब समर्थ आणि घनसावंगी तालुक्यातल्या आसपासच्या गावांतून येणाऱ्या रुग्णांमध्ये मला हे नेहमी दिसते. रुग्ण येतात ती तक्रार वेगळीच असते: झोप लागत नाही, भूक नाही, साखर वाढली, अंग जड झाले, चिडचिड होते. थोडे विचारले की कळते, माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच जागी बसून आहे. अशा वेळी नुसत्या गोळ्यांनी भागत नाही.

दृष्टिहीन व्यक्तीला करमणूक का लागते, कोणकोणते मार्ग उपलब्ध आहेत आणि घरच्यांनी नेमके काय करायचे, हे या लेखात पाहू. मुख्य मुद्दा आधीच सांगतो. करमणूक कोणती, कधी आणि किती वेळ, हे त्या व्यक्तीने स्वतः ठरवायला हवे. आपण त्यांच्यासाठी काहीतरी लावून ठेवले, म्हणजे त्यांची करमणूक झाली असे नाही.

करमणुकीचा आरोग्याशी काय संबंध?

मन: नजर गेलेल्या व्यक्तींमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते. नजर गेल्याचे दुःख असतेच. त्यात काम सुटते, बाहेर जाणे थांबते, लोकांशी बोलणे कमी होते. आवडीची एखादी गोष्ट रोज घडत असेल, तर मनाला आधार मिळतो.

झोप: आपल्या शरीराचे घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालते. ज्यांना उजेड आणि अंधार यांतला फरकही कळत नाही, त्यांच्यापैकी अनेकांचे हे घड्याळ रोज थोडे थोडे पुढे सरकते. मग काही दिवस रात्री झोप लागत नाही आणि दिवसा डुलक्या येतात. अशा वेळी ठरलेल्या वेळेचा दिनक्रम फार उपयोगी पडतो: सकाळी ठराविक वेळी फिरणे, ठराविक वेळेचा रेडिओचा कार्यक्रम, संध्याकाळी हरिपाठ. ज्यांना थोडाफार उजेड जाणवतो, त्यांनी सकाळी अर्धा तास तरी मोकळ्या उजेडात बसावे.

हालचाल: मधुमेह, रक्तदाब किंवा सांधेदुखी असेल, तर बसून राहण्याने ती वाढते. स्नायू अशक्त होतात, तोल जातो आणि पडण्याची भीती आणखी वाढते.

मेंदू: २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. उपचार न केलेला दृष्टिदोष आणि लोकांपासून तुटणे ही दोन्ही त्यांत आहेत. गप्पा, खेळ, पाठांतर, गाणे यांनी मेंदू कामात राहतो.

आधी हे पाहा: नजर परत येण्यासारखी आहे का?

करमणुकीच्या सोयी करण्याआधी एक गोष्ट नक्की करा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी झाली आहे ना, याची खात्री करा. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वापैकी ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली की यातल्या बहुतेकांना पुन्हा दिसू लागते. 'आता वय झाले, कशाला ऑपरेशन' असे म्हणून कोणाला अंधारात ठेवू नका.

काचबिंदू किंवा मधुमेहामुळे पडद्याला झालेली इजा असेल, तर गेलेली नजर बहुधा परत येत नाही. पण उरलेली नजर उपचाराने टिकवता येते. म्हणून थेंब आणि तपासण्या बंद करू नका.

दुसरे म्हणजे, ज्यांना आपण 'आंधळे' म्हणतो त्यांतल्या अनेकांना थोडे तरी दिसत असते. कायद्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी असे दोन वेगळे प्रकार आहेत. चांगल्या डोळ्याची नजर चष्मा लावूनही ३/६० पेक्षा कमी असेल, तर ते अंधत्व. ६/१८ पेक्षा कमी पण ३/६० पर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी. अल्पदृष्टी असलेल्यांना भिंग, मोठी अक्षरे, मागून येणारा चांगला उजेड, काळ्यावर पांढरे किंवा पिवळे अक्षर अशा साध्या गोष्टींनी वाचता-खेळता येते. मोठ्या आकड्यांचे पत्ते मिळतात. फोनवरची अक्षरे मोठी करता येतात. असा माणूस टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसला, तर त्याला मागे सरकवू नका. जवळून टीव्ही पाहिल्याने उरलेली नजर जात नाही.

ऐकण्याची करमणूक

रेडिओ: मराठवाड्यात आकाशवाणीची परभणी आणि छत्रपती संभाजीनगर केंद्रे घराघरांत ऐकली जातात. शेतीविषयक कार्यक्रम, बातम्या, भक्तिगीते, लोकसंगीत हे सगळे डोळ्यांशिवाय पुरेपूर मिळते. शक्य असेल तर त्या व्यक्तीचा स्वतःचा छोटा रेडिओ असू द्या. चालू-बंद आणि केंद्र बदलणे हे त्यांच्या हाताने झाले पाहिजे.

माझ्याकडे येणाऱ्या एका काकांची काचबिंदूने नजर गेली होती. घरचे म्हणायचे, 'दिवसभर टीव्ही चालूच असतो की त्यांच्यासाठी.' काकांना विचारले तर ते म्हणाले, 'तो त्यांच्या मालिकांचा टीव्ही आहे. मला बाजारभाव आणि कीर्तन ऐकायचं असतं. रिमोट कधी हातात येत नाही.' मी त्यांना औषध बदलून दिले नाही. रिमोटच्या दोन बटणांवर एम-सीलचे छोटे ठिपके लावायला सांगितले आणि खिशातला रेडिओ घ्यायला सांगितले. पुढच्या खेपेला त्यांनी झोपेच्या गोळीचा विषय काढला नाही. सगळ्यांच्या बाबतीत इतके सोपे नसते, पण सुरुवात इथूनच करावी. बटणांच्या फोनवर आणि बऱ्याच रिमोटवर ५ च्या आकड्यावर आधीच बारीक उंचवटा असतो. तो बोटाने सापडला की बाकीचे आकडे आपोआप सापडतात.

स्मार्टफोन: दृष्टिहीन व्यक्ती स्मार्टफोन पूर्णपणे स्वतः वापरू शकते. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' आणि आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' नावाची सोय आधीच बसवलेली असते, वेगळे पैसे लागत नाहीत. ती सुरू केली की पडद्यावर बोट फिरवताना बोटाखाली काय आहे ते फोन बोलून सांगतो. हवे ते सापडले की दोनदा टिचकी मारायची. टॉकबॅक मराठीतही बोलते. सेटिंग्जमधल्या 'ॲक्सेसिबिलिटी' या भागात ही सोय सापडते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आवाजाची दोन्ही बटणे तीन सेकंद एकत्र दाबूनही ती चालू-बंद करता येते.

शिकायला वेळ लागतो. पहिले आठ-पंधरा दिवस चिडचिड होते, कारण फोन हाताळण्याची पद्धतच बदलते. घरातल्या शाळकरी नातवाला रोज वीस मिनिटे आजोबांसोबत बसवा. एका वेळी एकच गोष्ट शिकवा: आज फोन उचलणे, उद्या फोन लावणे, परवा गाणे लावणे. तोवर गूगल असिस्टंटला मराठीत बोलून सांगितले तरी तो गाणे, बातम्या किंवा भजन लावून देतो.

बोलकी पुस्तके: वाचनाची आवड असलेल्या माणसाची नजर जाते, तेव्हा त्याला पुस्तक सुटल्याचे फार लागते. त्यासाठी आज बरेच मार्ग आहेत. मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या १९५२ साली स्थापन झालेल्या संस्थेचे बोलक्या पुस्तकांचे ग्रंथालय आहे. २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांना तिथे नोंदणी करून अनेक भारतीय भाषांतली पुस्तके मिळतात. याशिवाय 'स्टोरीटेल'सारख्या वर्गणीच्या ॲपवर मराठी कादंबऱ्या आणि कथा चांगल्या वाचकांच्या आवाजात ऐकता येतात.

पुस्तक असे वेगळ्या स्वरूपात तयार करण्याला कायद्याची मोकळीक आहे. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात तशी दुरुस्ती झाली. २०१३ साली माराकेश इथे यासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला.

कानांची काळजी: नजर नसलेल्या माणसाला कान फार मोलाचे असतात. हेडफोनचा आवाज पूर्ण क्षमतेच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त ठेवू नये. रस्त्याने चालताना हेडफोन अजिबात लावू नये, कारण गाडीचा आवाज ऐकू येणे गरजेचे असते. ऐकू कमी येत असेल, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका. कानात नुसता मळ असू शकतो. कान तपासून घ्या.

सिनेमा आणि टीव्ही: 'दिसत नाही तर कशाला?'

सिनेमातले संवाद आणि गाणी ऐकू येतात. पण कोणी काही न बोलता दार उघडून आत आले, चिठ्ठी फाडली, डोळे पुसले, हे कळत नाही. यासाठी 'ध्वनिवर्णन' असते. संवादांच्या मधल्या जागेत एक निवेदक थोडक्यात दृश्य सांगतो. नेटफ्लिक्ससारख्या ॲपवर काही चित्रपटांना ही सोय असते. भाषा आणि सबटायटल निवडतो त्याच ठिकाणी ती शोधावी.

जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'पठाण' चित्रपटाच्या ओटीटी आवृत्तीसाठी ध्वनिवर्णन तयार करण्याचे आदेश दिले. दृष्टिहीन आणि कर्णबधिर प्रेक्षकांना थिएटरमध्ये चित्रपट पाहता यावा, यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. मराठी चित्रपटांत ही सोय अजून क्वचितच मिळते. तोवर घरातला माणूस हे काम करू शकतो. त्यासाठी तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- संवाद चालू असताना बोलू नका. मधल्या जागेत बोला.
- कोण आले, कुठे आहेत, काय करत आहेत, एवढेच सांगा. 'आता बघा, हा मरणार आहे' असे पुढचे सांगू नका.
- एकाने सांगितले की पुरे. चौघे एकदम सांगू लागले तर काहीच कळत नाही.

क्रिकेटचा सामना असेल, तर टीव्हीपेक्षा रेडिओचे समालोचन चांगले, कारण ते न बघणाऱ्यासाठीच केलेले असते.

ब्रेल कोणी शिकावे?

ब्रेल लिपीत सहा उंचवट्यांच्या रचनेतून अक्षरे तयार होतात आणि ती बोटाच्या टोकाने वाचली जातात. मराठीसह भारतीय भाषांसाठी 'भारती ब्रेल' ही समान पद्धत आहे. मराठीत 'स्पर्शज्ञान' हे ब्रेलमधले पाक्षिक आहे. स्वागत थोरात यांनी ते फेब्रुवारी २००८ मध्ये सुरू केले. बातम्या आणि लेख स्वतःच्या बोटांनी वाचण्याचा आनंद ऐकण्यापेक्षा वेगळा असतो, असे ब्रेल जाणणारे सांगतात.

जन्मतः किंवा लहानपणी दृष्टी गेलेल्या मुलाला ब्रेल नक्की शिकवावे. फोन बोलतो म्हणून ब्रेलची गरज संपली, असे समजू नका. नुसते ऐकून शब्द कसा लिहायचा हे कळत नाही.

मधुमेहाने उतारवयात नजर गेली असेल, तर मात्र आधी बोटांची संवेदना तपासून घ्या. मधुमेहात नसांवर परिणाम होऊन बोटे बधिर होऊ शकतात. अशा व्यक्तीला ब्रेलचे ठिपके वेगळे जाणवत नाहीत आणि 'मला जमत नाही' म्हणून ती खचते. दोष तिच्या हुशारीचा नसतो. तिच्यासाठी ऐकण्याचे मार्ग निवडावेत.

खेळ: बसून आणि मैदानात

बुद्धिबळ: दृष्टिहीनांसाठीच्या पटावर प्रत्येक घराला भोक असते आणि सोंगटीला खाली खुंटी असते, त्यामुळे हात फिरवला तरी सोंगट्या पडत नाहीत. काळी घरे थोडी उंच असतात आणि एका रंगाच्या सोंगट्यांवर टाचणीसारखे टोक असते. प्रत्येक खेळी तोंडाने सांगायची असते. डोळस माणसाबरोबर बरोबरीने खेळता येईल असा हा खेळ आहे. दृष्टिहीन बुद्धिबळपटूंची अखिल भारतीय संघटना उभी करणारे चारुदत्त जाधव हे मुंबईचे आहेत आणि स्वतः दृष्टिहीन आहेत.

पत्ते आणि ल्युडो: ब्रेल पत्ते मिळतात. ब्रेल येत नसेल, तर पत्त्याच्या कोपऱ्यावर सुईने टोचून स्वतःच्या खुणा करता येतात. ल्युडोच्या सोंगट्यांना वेगवेगळे कापड किंवा दोरा गुंडाळला तरी काम होते. भेंड्या, कोडी, उखाणे यांना तर काहीच लागत नाही.

क्रिकेट: दृष्टिहीनांच्या क्रिकेटमध्ये चेंडू कडक प्लॅस्टिकचा असतो आणि आत छर्रे असल्याने वाजतो. गोलंदाजी हात खाली ठेवून सरपटी केली जाते. गोलंदाज आधी 'रेडी?' असे विचारतो आणि चेंडू सोडताना 'प्ले' म्हणतो. अकरा जणांत पूर्ण अंध खेळाडू किमान चार असावे लागतात आणि त्यांनी काढलेल्या धावा दुप्पट मोजतात. भारताच्या पुरुष संघाने २०१२, २०१७ आणि २०२२ असे तीनदा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकले. २०२५ साली महिलांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक झाला, तोही भारतानेच जिंकला.

पोहणे, सायकल, चालणे: विदर्भातल्या दृष्टिहीन जलतरणपटू कांचनमाला पांडे यांनी २०१७ साली मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. पुण्याचे दिव्यांशु गणात्रा यांनी काचबिंदूने नजर गेल्यावर एकट्याने पॅराग्लायडिंग केले. पुढे त्यांनी दोघांच्या सायकलवर डोळस आणि दृष्टिहीन माणसांना एकत्र बसवून मोठ्या मोहिमा काढल्या. आपल्या घरच्या माणसाला एवढे काही करायचे नसते. पण सोबतीने रोज अर्धा तास चालणे बहुतेकांना जमते, आणि साखर व झोप या दोन्हींसाठी ते चांगले.

सावधगिरी: डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, पडदा सरकण्याचा धोका असेल, चष्म्याचा उणे नंबर फार मोठा असेल किंवा मधुमेहाने डोळ्यात रक्तस्राव होत असेल, तर उड्या, धक्के, वजन उचलणे किंवा पोहणे सुरू करण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

गावातली करमणूक: भजन, कीर्तन, जत्रा

जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. समर्थांच्या दासबोधात चौथ्या दशकात नवविधा भक्ती सांगितली आहे आणि तिची सुरुवात श्रवणभक्तीने होते. आपल्याकडे कीर्तन, भारूड, गोंधळ, ओव्या, पोवाडा ही सगळी मुळात ऐकण्याची परंपरा आहे. दृष्टिहीन माणूस इथे कुठेच कमी पडत नाही. विदर्भातले संत गुलाबराव महाराज नऊ महिन्यांचे असताना अंध झाले. त्यांना लोक प्रज्ञाचक्षू म्हणतात. अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले.

म्हणून भजनी मंडळात दृष्टिहीन व्यक्तीला कोपऱ्यात बसवू नका. टाळ, पेटी, पखवाज यांतले काही शिकायची इच्छा आहे का, हे विचारा. पाठांतर हाही उत्तम छंद आहे. मनाचे श्लोक २०५ आहेत. रोज एक पाठ केला तरी सात महिने पुरतात, आणि नातवंडांना शिकवायला मिळतात ते वेगळेच.

रामनवमीचा उत्सव, जत्रा, लग्न अशा ठिकाणी 'गर्दीत कुठे नेता' म्हणून त्यांना घरी ठेवले जाते. नेणे कठीण नाही, पद्धत माहीत हवी:

- त्यांना मागून ढकलू नका, हात धरून ओढू नका. त्यांनी तुमचे कोपर धरायचे आणि तुम्ही अर्धे पाऊल पुढे चालायचे. तुमच्या शरीराच्या हालचालीवरून त्यांना वळण आणि चढउतार कळतो.
- पायरी आली की थांबा आणि 'वर चढायची' की 'खाली उतरायची' हे सांगा.
- बसवताना त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा, बाकी ते स्वतः करतात.
- जवळून उठून जाताना सांगून जा. नाहीतर माणूस रिकाम्या जागेशी बोलत राहतो आणि ओशाळतो.
- आजूबाजूला काय आहे ते बोलत राहा: पालखी कुठवर आली, कोण आले, काय सजवले आहे.
- चैत्रातले ऊन कडक असते. पाणी, टोपी आणि मधुमेह असेल तर खाण्याची वेळ सांभाळा. खिशात घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

'बघा', 'पाहिलं का' असे शब्द टाळायची गरज नाही. दृष्टिहीन माणसेही 'मी काल ती मालिका पाहिली' असेच म्हणतात.

बायका आणि मुलींकडे विशेष लक्ष द्या

नजर नसलेल्या पुरुषाला निदान पारावर तरी बसायला मिळते. बाईच्या वाट्याला तेही येत नाही. 'पडेल, लोक काय म्हणतील' म्हणून तिला घरातच ठेवले जाते. वेळ जावा म्हणून वाती वळायला, शेंगा फोडायला किंवा लसूण सोलायला दिला जातो. हाताला काम असणे चांगलेच आहे. पण ते तिने निवडले आहे का, की रिकामी बसली आहे म्हणून दिले आहे, हा फरक पाहा. तिलाही मैत्रिणींकडे जाणे, भुलाईची गाणी, हळदीकुंकू, महिला मंडळाचे भजन, स्वतःचा फोन हवा असतो.

लहान मुलांसाठी

मूल खेळूनच शिकते. दृष्टिहीन मूल आपणहून वस्तूकडे झेपावत नाही, कारण वस्तू तिथे आहे हेच त्याला कळत नाही. म्हणून आवाज करणारी खेळणी द्या. साधा चेंडू कुरकुरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला तरी तो सरकताना ऐकू येतो. पिशवी मात्र मोठ्यांच्या देखरेखीतच वापरा. माती, पाणी, धान्य, पाने हाताळू द्या. भावंडांबरोबर खेळताना थोडे खरचटले तर चालेल. प्रत्येक वेळी उचलून घेतलेले मूल चालायला आणि बोलायला उशीर करते.

कायदा काय सांगतो?

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातले कलम २९ सांस्कृतिक जीवन आणि करमणुकीच्या हक्काबद्दल आहे, तर कलम ३० खेळांबद्दल. म्हणजे करमणुकीची सोय मागणे हा तुमच्या माणसाचा हक्क आहे.

त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो आणि तपासणी शासकीय रुग्णालयात होते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर बहुतेक योजना आणि सवलती लागू होतात. एसटीच्या साध्या बसच्या तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते, रेल्वेतही सोबत्यासह सवलत असते. बहिणीकडे किंवा यात्रेला जाणे त्यामुळे सोपे होते. एकाच डोळ्याची नजर गेली असेल आणि दुसरा डोळा चांगला असेल, तर दिव्यांगत्व ३० टक्के धरले जाते आणि या सवलती सहसा मिळत नाहीत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नजर गेली की कान आपोआप तीक्ष्ण होतात का?
कान तेच राहतात. पण लक्ष देऊन ऐकण्याची सवय होते. लहानपणापासून अंध असलेल्या व्यक्तींच्या मेंदूतला पाहण्याचा भाग ब्रेल वाचताना कामाला लागतो, असे संशोधनात दिसले आहे. हे सरावाने होते, म्हणून सुरुवातीला जमले नाही तर निराश होऊ नये.

आजीला दिसत नाही, तरी तिला माणसे, फुले, नक्षी दिसते म्हणते. ही बाधा आहे का?
नाही. याला चार्ल्स बोने सिंड्रोम म्हणतात. नजर कमी झाली की मेंदू स्वतःच चित्रे तयार करतो. हे वेड नाही, बाहेरची बाधा तर नाहीच. एकटे आणि रिकामे बसलेले असताना हे जास्त होते. आजीला धीर द्या, बोलते ठेवा आणि एकदा डॉक्टरांना दाखवा. गोंधळल्यासारखे वागणे, ताप किंवा चित्रांबरोबर आवाजही ऐकू येत असतील, तर लगेच दाखवा.

बाबा काहीच करायला तयार नाहीत. काय करावे?
नुकतीच नजर गेलेल्या माणसाला सावरायला काही महिने लागतात. मोठे काही सुचवू नका. पूर्वी जे आवडत होते, त्याचा छोटा भाग परत द्या. शेतकरी असतील तर सकाळी शेतात घेऊन जा, पिकाला हात लावू द्या. त्यांच्यासारखीच नजर गेलेल्या आणि सावरलेल्या माणसाशी भेट घालून द्या. अशा माणसाचे शब्द डॉक्टरांच्या सल्ल्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासपणा, रडू येणे, आवडत्या गोष्टीतही रस नसणे
- जेवण किंवा औषध नाकारणे, वजन घटणे
- रात्रभर जागरण आणि दिवसभर झोप
- वारंवार पडणे
- डोळा दुखणे किंवा लाल होणे, उरलेली नजर अचानक कमी होणे, डोळ्यासमोर एकदम ठिपके किंवा पडदा येणे (यासाठी त्याच दिवशी जा)
- 'मी तुम्हाला ओझे झालो', 'जगून काय करू' असे बोलणे

शेवटची गोष्ट कधीही हसण्यावारी नेऊ नका. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका, कीटकनाशके आणि गोळ्या कुलपात ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे आणा. 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते, मराठीतही.

थोडक्यात

- आधी डोळे तपासा. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया करून घ्या.
- करमणुकीचे साधन त्यांचे स्वतःचे आणि त्यांना स्वतः चालवता येईल असे असावे.
- रोज काहीतरी ऐकण्याचे, काहीतरी हालचालीचे आणि काहीतरी माणसांत मिसळण्याचे असावे.
- घरातल्या गप्पा, सण आणि खेळ यांत त्यांची पाळी चुकवू नका.
- यूडीआयडी कार्ड काढून घ्या.

सुरुवात आज संध्याकाळीच करता येईल. जेवण झाल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, 'तुम्हाला काय करावंसं वाटतं?' पहिल्या दिवशी 'काही नाही' असे उत्तर येईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.